जी खांद्यावर वागवली तीच रायफल चांगली: सैन्याला कुठली बंदूक हवी, हे ठरतं कसं?

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या मांडवामागे चौघांचा वाद जुंपला. चौघेही मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, वयात मात्र एकमेकांपासून आठ-दहा वर्षांचं अंतर. मुद्दा एकच, सैन्याला कुठली रायफल द्यावी. थोरले माझे मामा. ते म्हणाले, "एसएलआर. एक गोळी लागली की विषय संपला." त्यांच्यानंतर भरती झालेले हवालदार म्हणाले, "इन्सास वाईट नव्हती खरं. नेम चांगला बसायचा." तिसऱ्यांची बरीच नोकरी राष्ट्रीय रायफल्सबरोबर, म्हणजे अतिरेक्यांशी लढणाऱ्या दलाबरोबर, काश्मीरात गेली, त्यांनी एकेचं, म्हणजे एके-४७ चं, नाव घेतलं. सगळ्यात धाकटे नाईक नियंत्रण रेषेवरून थेट पेन्शनीत आलेले. ते म्हणाले, "सिग हातात घेतलीया का कुणी? मग बोलू नका."

चौघांनीही आपण खांद्यावर वागवलेल्या रायफलीचंच नाव घेतलं. मला हसू आलं, पण रात्री झोपताना वाटलं, यात हसण्यासारखं फारसं काही नाही. देशाच्या सैन्याची रायफल ठरते तेव्हाही बरंचसं असंच घडतं.

वाद सुरू झाला होता एका साध्या प्रश्नावरून. अमेठीजवळच्या कोरवा इथे रशियाबरोबरच्या भागीदारीत एके-२०३ बनते. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा सहा लाखांहून अधिक नगांचा करार झाला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी सिग-७१६ रायफली दुसऱ्यांदा मागवल्या, ७३,०००. त्याआधी २०१९ मध्ये ७२,४०० मागवल्या होत्याच. दोघींची गोळी वेगळी. मग एका सैन्याला दोन तऱ्हेच्या रायफली कशाला?

### आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द 'क्यूआर'. चहाच्या टपरीवर पैसे द्यायला लावलेला चौकोन नव्हे. सैन्याला एखादं शस्त्र हवं असलं की आधी ते कसं हवं याचा कागद तयार होतो: वजन किती, पल्ला किती, किती थंडीत चाललं पाहिजे, चिखलात बुडवून काढल्यावर गोळी सुटली पाहिजे की नाही. या अपेक्षापत्राचं पूर्ण नाव लांबलचक आहे, फौजेत त्याला क्यूआर म्हणतात. शस्त्र बनवणारा किंवा विकणारा हाच कागद समोर ठेवून काम करतो. कागदात चूक असेल तर कितीही प्रामाणिक कारखानदार चुकीचीच वस्तू बिनचूक बनवून देतो.

दुसरा शब्द गोळीचा आकडा. ७.६२×३९ मध्ये पहिला आकडा ढोबळमानाने गोळीची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा मागच्या पितळी नळकांडीची लांबी. जाडी सारखीच असेल तर नळकांडी लांब म्हणजे सहसा दारू जास्त, दारू जास्त म्हणजे पल्ला जास्त आणि खांद्याला धक्काही जास्त. एसएलआर आणि सिगची गोळी ७.६२×५१, एकेची ७.६२×३९, इन्सासची ५.५६×४५. एवढं पुरे, पुढे आकड्यांचा त्रास देणार नाही.

### खानापूरचा ट्रॅक्टर, अथणीचा ट्रॅक्टर

आपलाच बेळगाव जिल्हा बघा. खानापूरकडे पाऊस धो धो, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखल, बांध लहान. तिथल्या शेतकऱ्याला विचारलं ट्रॅक्टर कसा हवा, तर तो म्हणेल हलका हवा, चिखलात रुतायला नको, लोखंडी चाकं बसायला हवीत. अथणी-रायबागकडे काळी जमीन आणि ऊस. तिथला शेतकरी म्हणेल ताकद हवी, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढल्या पाहिजेत. दोघंही शंभर टक्के खरं बोलतात. पण कंपनीने फक्त खानापुरात विचारून साऱ्या जिल्ह्याला एकच ट्रॅक्टर दिला, तर अथणीत शिव्याच खाव्या लागतील.

गाठीशी असलेला अनुभव खरा असला तरी अपुरा असतो, आणि तो अपुरा आहे हे ज्याचा त्याला कळत नाही. रायफलीच्या बाबतीत हे जास्तच. ट्रॅक्टर शेतकरी शेजाऱ्याचाही चालवून बघतो. जवानाला कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, जी मिळते तीच रायफल. दुसऱ्या देशाची, दुसऱ्या तऱ्हेची रायफल चिखलात, पावसात, अंधारात महिनाभर वापरून बघायची संधी हजारात एखाद्याला. त्यात खरी लढाई बघितलेले कमी, आणि बघितली तीही एका जागची, एका ऋतूतली.

### एसएलआर जन्मली कशी

मामांची लाडकी एसएलआर ही बेल्जियमच्या एफएएल रायफलीची आपल्याकडे ईशापूरला बनलेली आवृत्ती. गंमत अशी की एफएएलच्या सुरुवातीच्या नमुन्यांसाठी एवढी दणकट गोळी धरलेलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी एक मध्यम ताकदीची गोळी तयार केली होती, एफएएलचे काही नमुने तिच्यासाठी बनले. त्यामागचा विचार असा होता: पायदळाचा जवान बहुतेक वेळा तीन-चारशे मीटरच्या आतच गोळी झाडतो, मग त्याला हजार मीटर जाणारी गोळी कशाला वाहायला लावायची?

अमेरिकेच्या शस्त्रखात्याला हे पटलं नाही. त्यांच्या दोन पिढ्या जड, लांब पल्ल्याच्या गोळीवर वाढलेल्या. नवी गोळी जरा आखूड चालेल, ताकद मात्र तीच हवी, असा त्यांचा हट्ट. १९५० च्या दशकात नाटो देशांनी अखेर ७.६२×५१ स्वीकारली. एफएएल त्या गोळीसाठी वाढवावी लागली. धक्का इतका झाला की धडाधड गोळ्या सोडताना रायफल आवरेना, म्हणून ब्रिटिश आणि भारतीय आवृत्त्यांत ती सोयच काढून टाकली. एकदा घोडा दाबला की एक गोळी.

आणि ज्यांनी हट्ट धरला त्या अमेरिकेने दहा-बारा वर्षांतच व्हिएतनाममध्ये ती गोळी बाजूला ठेवून चिमुकली ५.५६ घेतली. खरं तर त्यांच्याच लष्करासाठी १९५२ मध्ये एक अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की रायफलीचा उपयोग बहुतेक वेळा ३०० यार्डांच्या आतच होतो, आणि त्यातही अंतर वाढलं की नेम झपाट्याने ढासळतो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पुठ्ठ्याचा माणूस निवांत उभा असतो. लढाईतला शत्रू दोन-तीन सेकंद डोकं वर काढतो आणि पुन्हा दगडाआड जातो. सगळा अनुभव रेंजवरचा असलेला माणूस दूरवर अचूक जाणारी रायफल मागतो. ज्याने तसा शत्रू पाहिलाय तो पटकन खांद्याला लागणारी मागतो. अभ्यासाचा अहवाल हातात असूनही अमेरिकेचं शस्त्रखातं वर्षानुवर्षं रेंजवरच्याच बाजूला राहिलं.

### इन्सास: आधीच्या दुखण्यांवरचा उतारा

१९६२ मध्ये आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन चिनी स्वयंचलित शस्त्रांसमोर उभे राहिले. प्रत्येक गोळीमागे हाताने खटका ओढायचा. ते दुखणं खोल होतं, त्यानंतर एसएलआर आली. मग १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली. मामा त्यात होते. ते सांगतात, "झाडीत ती लांबडी बंदूक फिरवायची म्हणजे बांबू घेऊन बोळात शिरल्यासारखं. समोरचं पोरगं एकेने झोडपतंय, आणि आम्ही एक-एक गोळी." रेंजवर मामांची एसएलआर लाजवाब होती. जाफन्याच्या झाडीचा अनुभव मात्र तिच्या क्यूआरमध्ये नव्हता.

इन्सासचं काम तोवर सुरूच होतं. पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने ती घडवली. गोळी ५.५६, कारण जग तिकडे चाललं होतं. आतली मुख्य रचना एकेसारखी, गॅस कमी-जास्त करायची सोय एफएएलसारखी, खटक्याची मूठ जर्मन पद्धतीने डावीकडे. घोडा दाबून ठेवला तर तीनच गोळ्या सुटायच्या. अमेरिकेच्या एम-१६ए२ वरही तसंच होतं. जवान घाबरून सगळं मॅगझिन, म्हणजे रायफलीला लावलेला गोळ्यांचा डबा, रिकामं करतात, हा व्हिएतनामचा धडा. धडा त्यांचा, उतारा आपण घेतला. त्या काळी असंही बोललं जाई की लहान गोळी शत्रूला जखमी करते आणि एका जखमीला उचलायला दोघं लागतात, म्हणजे तिघं बाद. समोर शिस्तीचं सैन्य असेल तर हे गणित चालेल. काश्मीरातला मरायलाच आलेला अतिरेकी जखमी झाला तरी गोळ्या झाडत राहतो आणि त्याला उचलायला कुणी येत नाही, हे त्या गणितात धरलेलंच नव्हतं.

मग १९९९. चाचण्या पार करून आलेली इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिनं कारगिलच्या थंडीत तडकली. आतलं तेल नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात उडाल्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही लांबलेल्या चकमकीत इन्सास दगा देते अशी तक्रार केली. आपली बाजू अशी होती की ती नीट वापरली गेली नाही. मला वाटतं दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. तासन्‌तास चालणाऱ्या चकमकीची अपेक्षा कागदावरच नसेल, तर बनवणारा "नीट वापरा" म्हणणार आणि वापरणारा "दगा दिला" म्हणणार.

इन्सासला उठसूट नावं ठेवायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कास्टिंग बघतो. गिऱ्हाईक ड्रॉइंग आणतं, त्यात एके ठिकाणी उगाच कडक माप असतं. विचारलं, हे इतकं बारीक कशाला? उत्तर: जुन्या ड्रॉइंगात होतं. त्या मापापायी निम्मा माल बाद होतो, आणि जिथे खरा ताण येतो तिथलं माप मात्र ढिलं. वाईट माल नेहमी वाईट कारखान्यातून येतो असं नाही, कधी तो ड्रॉइंगमधूनच आलेला असतो.

### सगळ्यांना सगळं हवं

इन्सासनंतर २०११ मध्ये एक निविदा निघाली. रायफल एकच, पण नळी बदलली की दुसरी गोळी चालली पाहिजे. सकाळी ५.५६, दुपारी ७.६२×३९. कागदावर किती छान! सीमेवर एक नळी, अतिरेक्यांमागे जंगलात दुसरी.

पण जवान दुसरी नळी ठेवणार कुठे? बदलल्यावर नेम पुन्हा जुळवावा लागतो, तो चकमकीत कोण जुळवणार? दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या आणि मॅगझिनं पाठीवर वाहणार कोण? लग्नाच्या स्थळांचा कागद आठवतो: मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, घरचं सगळं बघणारी, आणि वय बावीस. एकेक अपेक्षा सुटी ठीक वाटते, पण सगळ्या एका माणसात मागणाऱ्याने तसा संसार कधी जवळून बघितलेला नसतो. जगभरच्या कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या, आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. चार वर्षं गेली. जवानाच्या हातात इन्सासच राहिली.

त्याच सुमारास संरक्षणमंत्री असलेले मनोहर पर्रीकर म्हणाले होते की काही अपेक्षापत्रं मार्व्हलच्या चित्रकथांतून उतरवल्यासारखी वाटतात. पर्रीकर आपल्या शेजारच्या गोव्याचे, त्यातून आयआयटीतले इंजिनीअर, बोलणं सरळ. मला मात्र वाटतं दोष कल्पनाशक्तीचा कमी आणि ब्रोशरचा जास्त. ज्याने पाच रायफली प्रत्यक्ष वापरल्या नाहीत तो पाच ब्रोशर वाचतो आणि प्रत्येकातली सगळ्यात चांगली ओळ उचलतो. ब्रोशरमध्ये चिखल नसतो.

### वजन: कुणी न विचारलेला प्रश्न

सध्या हवा पुन्हा दणकट गोळीच्या बाजूने आहे. २०१९ ला सिग आली ती याच विचाराने: नियंत्रण रेषेवर अंतरं लांब, समोरचा एका गोळीत पडला पाहिजे. तिथे ते बरोबरच आहे. पण एक हिशेब करून बघा.

पाच किलो तांदळाची पिशवी डोळ्यासमोर आणा. तेवढ्या वजनात सिगच्या साधारण २०० गोळ्या बसतात, एकेच्या ३००, इन्सासच्या ४००. मॅगझिनचं वजन वेगळंच. ज्याची नोकरी बंकरमध्ये गेली त्याला २०० पुरतात, गोळ्यांची पेटी शेजारीच असते. जो दोन दिवस रानात पायी फिरतो त्याच्यासाठी हा आकडा जिवाशी येतो. म्हणजे मांडवामागचे आमचे नाईक आणि राष्ट्रीय रायफल्सचे गृहस्थ एकमेकांना खोटं ठरवत होते तेव्हा दोघंही आपापल्या डोंगराबद्दल बरोबर बोलत होते. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. दोन रायफली घेणं हा निव्वळ गोंधळ नाही. सगळ्या डोंगरांना एकच रायफल, हा जुना हट्ट त्यामुळे थोडा सैल झाला. साठा, सुटे भाग आणि प्रशिक्षण दुप्पट झालं, ही त्याची किंमत.

अमेरिकेचंही तेच चाललंय, हे वाचून मला जरा बरं वाटलं. अफगाणिस्तानात डोंगरावरून लांब पल्ल्याच्या मशीनगनी त्यांच्या जवानांना भारी पडल्या. त्या अनुभवातून २०२२ मध्ये त्यांनी ६.८ ची जबर ताकदीची नवी रायफल निवडली. जवानाच्या अंगावरच्या २१० गोळ्यांच्या जागी आता १४० येतात. पुढची लढाई अफगाण डोंगरात झाली तर उत्तमच. शहराच्या गल्ल्यांत झाली तर त्यांच्याही कुणातरी मामांना बोळात बांबू आठवेल.

### "वापरणाऱ्यालाच विचारा की"

हा आक्षेप हमखास येतो, आणि वरकरणी बिनतोड वाटतो. वापरणाऱ्याला विचारायलाच हवं. फक्त काय विचारायचं ते ठरवून.

आपल्याकडे गावातल्या दवाखान्यात पेशंट आत शिरतानाच म्हणतो, "डॉक्टर, एक सुई मारा आणि सलाईन लावा." त्याची कणकण खरी असते, अंग खरंच मोडून आलेलं असतं. सुई मागतो कारण मागच्या वेळी सुईनंतर बरं वाटलं होतं. चांगला डॉक्टर त्याची कणकण ऐकतो, सुईचं स्वतः ठरवतो. जवान म्हणतो "७.६२ पाहिजे". तेव्हा विचारावं, का? तो सांगेल, "गोळ्या लागूनही तो पळत आला." हे दुखणं झालं. त्यावर उपाय मोठी गोळी असेल, चांगली दुर्बीण असेल, किंवा गोळी नेमकी लागावी म्हणून सरावाला जास्त काडतुसं असतील. हा शेवटचा उपाय क्यूआरमध्ये लिहिता येत नाही, म्हणून तो सहसा मागे पडतो.

### "पण मोठे अधिकारी तर सगळं जाणतात"

जाणतात, पण तेही कुठल्या तरी एका पलटणीतून, एका सीमेवरूनच आलेले असतात. शिवाय अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांनी होते आणि रायफलीचा क्यूआर ते चाचणी ते खरेदी हा प्रवास त्याहून कितीतरी लांब. कागद लिहिणारा एक, चाचणी बघणारा दुसरा, सही करणारा तिसरा. नवा माणूस जुन्या कागदात आपल्या अनुभवाची ओळ घालतो, आधीची ओळ काढायची हिंमत करत नाही. कागद फुगत जातो.

### "एके जगभर चालते, मग सगळ्यांना तीच द्या"

मजबुतीत एकेचा हात धरणारी कमीच. पण तिच्या गोळीचा पल्ला मर्यादित, तीनशे-चारशे मीटरपुढे नेम धरणं अवघड होत जातं. जुन्या एकेवर दुर्बीण बसवणंही कटकटीचं. एके-२०३ वर त्यासाठी पट्टी आहे, हा मोठा फरक. आणि "जगभर चालते" यातही बघण्याची एक गफलत आहे. स्वस्त आणि मुबलक म्हणून ती सगळीकडे पोचली, त्यामुळे सगळ्यांना तिचाच अनुभव, म्हणून सगळे तिचंच नाव घेतात.

### मग करायचं काय?

उपाय फार अवघड नाहीत, कंटाळवाणे आहेत. क्यूआर लिहिण्याआधीच चार-पाच तऱ्हेच्या थोड्या थोड्या रायफली घ्यायच्या आणि वेगवेगळ्या पलटणींना देऊन सियाचीनपासून वाळवंटापर्यंत, पावसाळ्यासकट वर्षभर वापरू द्यायच्या. मतं विचारण्याऐवजी मोजमाप घ्यायचं: अंधारात मॅगझिन बदलायला किती सेकंद, धावत येऊन दम लागलेला असताना दहातल्या किती गोळ्या लागल्या, हजार गोळ्यांत किती वेळा अडकली. आणि प्रत्येक अपेक्षेपुढे एक रकाना ठेवायचा: ही कुठल्या प्रसंगातून आली? ज्या ओळीपुढे "आधीच्या कागदात होती" एवढंच लिहिता येईल ती खोडायची. बेळगावला कमांडोंचं शिक्षण होतं, मराठ्यांचं केंद्र १९२२ पासून इथेच आहे. अशा मोजमापाला लागणारी माणसं आपल्या डोळ्यांसमोर रोज सकाळी पळत असतात.

मांडवामागचा वाद त्या रात्री मिटला नाही. आरतीनंतर माझा भाचा आला, अग्निवीर म्हणून भरती झालेला, सुट्टीवर. चौघांनी त्याला घेरलं, तू सांग. तो म्हणाला, ट्रेनिंगला इन्सास होती, तीच हाताला बरी वाटते. हवालदारांनी विजयी मुद्रेने चहा मागवला.

मामांनी मात्र पोराला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "भरलेली मॅगझिनं सगळी अंगावर घालून किती पळालास? शेवटच्या मैलाला खांदा कुठं दुखला?" पोरगं जरा विचारात पडलं. मग कॉलर बाजूला सारून डाव्या खांद्यावरची जागा बोटाने दाखवू लागलं.